गाडीत बसण्याआधीचे सहा तास

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारींचे भाग्य उजळते. सकाळीच त्यांना अंघोळ घडते, गळ्यात झेंडूचे तोरण पडते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरचीची माळ डुलू लागते. दिवाळी जवळ आली की दुसरा संस्कार होतो. गावी जायचे असते, म्हणून गाडी गॅरेजात जाते. ऑइल बदलते, चाकांतली हवा मोजली जाते, ब्रेक तपासले जातात, वायपरला नवे रबर बसते. मेस्त्री फडक्याला हात पुसत म्हणतो, "साहेब, आता बिनघोर जा." आणि साहेब बिनघोर जातात.

एवढ्या खटाटोपात एक भाग तेवढा तपासायचा राहून जातो. गाडीतला तो सर्वांत नाजूक भाग. वरचेवर बिघडतो, बिघडला तरी आवाज करीत नाही, आणि बाजारात कोठे सुटा मिळत नाही. तो भाग म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचे मन.

माझा धंदा मोटार शिकवण्याचा. गेली सव्वीस वर्षे साताऱ्यात हाच उद्योग करतो. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे. माझ्या पायांपाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असतो. त्या उजवीकडच्या जागेवर वकील बसले, डॉक्टर बसले, शेतकरी बसले, नव्या सुना बसल्या आणि पेन्शनीत निघालेले तात्या-आप्पाही बसले. इतकी वर्षे शेजारी बसून जे ध्यानात आले ते थोडक्यात असे: गिअर टाकायला माणूस आठ दिवसांत शिकतो. पुढे जन्मभर तो जे चालवतो ते आपला स्वभाव, आपली झोप आणि आपल्या घरची भांडणे.

अर्जात नसलेला प्रश्न

लायसन्सच्या अर्जाबरोबर प्रकृतीचे एक घोषणापत्र भरून द्यावे लागते. तुम्हांला फेफरे येते काय, अचानक शुद्ध हरपते काय, चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते काय, असे प्रश्न त्यात असतात. प्रश्न योग्यच आहेत. चाळिशी उलटली की डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. परंतु "आज सकाळी घरात काय झाले?" असा प्रश्न त्या कागदावर नाही, आणि असणारही नाही. सरकारला तो विचारता येत नाही. तो ज्याचा त्यानेच स्वतःला विचारायचा असतो.

परदेशांतल्या काही डॉक्टरांनी मात्र तो विचारून पाहिला आहे. 1949 साली कॅनडातील टिलमन आणि हॉब्ज या दोघांनी टॅक्सीवाल्यांचा अभ्यास केला. ज्यांच्या हातून पुनःपुन्हा अपघात होत असे चालक एका बाजूला घेतले आणि ज्यांची पाटी कोरी होती ते दुसऱ्या बाजूला. मोठा फरक निघाला तो त्यांच्या गाडीबाहेरच्या आयुष्यात. वारंवार अपघात करणाऱ्यांत घरची घडी विसकटलेले आणि कोर्टकचेऱ्या मागे लागलेले लोक कितीतरी अधिक. माणूस जसा राहतो तशीच तो गाडी हाकतो, असा त्या अभ्यासाचा मथितार्थ.

माझ्या मनात मात्र घर करून बसला आहे तो 1968 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास. सेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यातील प्राणघातक अपघातांना जबाबदार ठरलेल्या चालकांची माहिती खोलात शिरून गोळा केली. अपघात कोठे झाला, ब्रेक लागला की नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या दिवशी त्या माणसाचे काय चालले होते, हे त्यांनी घरच्यांना आणि ओळखीच्यांना विचारले. तेव्हा असे दिसून आले की, पाचांपैकी सुमारे एकाच्या मनाला अपघाताआधीच्या सहा तासांत जबर धक्का बसलेला होता. बहुतेक वेळी तो धक्का म्हणजे कोणाशी तरी झालेले कडाक्याचे भांडण.

सहा तास! म्हणजे सकाळच्या चहाला झालेली चकमक दुपारच्या वळणावर येऊन उभी राहते. तोवर ती विसरली गेली असे आपल्याला वाटते. हात-पाय मात्र ती विसरलेले नसतात.

आता आपल्याकडे पाहू. 2022 या एका वर्षात भारतात 4 लाख 61 हजारांवर रस्ते-अपघात झाले आणि त्यांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. दिवसाला साडेचारशेंच्या वर! एकट्या महाराष्ट्राचा वाटा 15 हजारांहून अधिक होता. सरकारी अहवालाप्रमाणे या मृत्यूंपैकी शंभरातले एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यावर पडतात. अतिवेग हे कारण खोटे नाही. पण पंचनाम्याच्या रकान्यात ते मावते म्हणून आपण तेथेच थांबायचे काय? ॲक्सिलरेटर आपण होऊन खाली जात नाही. पाय तो दाबतो, आणि पायाला हुकूम वरून येतो. तो हुकूम देणाऱ्याची चौकशी करायला हवी.

माझ्या अनुभवात हुकूम देणारे तिघे: राग, काळजी आणि झोप. चौथा आजार. त्याच्याविषयी बोलायला लोक लाजतात, म्हणून त्याला शेवटी स्वतंत्र जागा देणार आहे.

राग

बँकेतले एक अधिकारी माझ्याकडे शिकायला येत. माणूस इतका मवाळ की, हॉर्न वाजवतानासुद्धा त्यांना संकोच वाटे. बारा दिवस त्यांनी उत्तम गाडी चालवली. तेराव्या दिवशी पोवई नाक्याजवळ एक मोटारसायकलवाला डावीकडून येऊन पुढे घुसला, आणि आमच्या या गरीब गाईने शिंगे उगारली! गिअर खाली ओढून ते त्याच्या मागे लागले. मी माझा ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घ्यायला लावली.

"मास्तर, त्याने मुद्दाम केलं," ते थरथरत म्हणाले.

"तो तुम्हांला ओळखतो?"

"नाही."

"मग मुद्दाम कशाला करील, साहेब?"

पाच मिनिटे ते गप्प बसले. मग आपणच म्हणाले, "सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझी फाईल टेबलावर आपटली. मी एक शब्द बोललो नाही."

तो न बोललेला शब्द मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला चालला होता. रस्त्यावरचा राग बहुधा रस्त्यावर जन्मत नाही. तो घरातून किंवा कचेरीतून बरोबर येतो आणि पहिला अनोळखी माणूस दिसला की त्याच्यावर उतरतो. अनोळखी माणूस सोयीचा असतो. तो उलट उत्तर द्यायला थांबत नाही.

रागात शरीरात काय घडते ते डॉक्टर सांगतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, आणि ध्यान एकाच गोष्टीवर खिळते. लढाईला हे ठीक आहे. गाडी चालवणाऱ्याला मात्र एकाच वेळी पुढची गाडी, बाजूचा आरसा, कडेची म्हातारी आणि गल्लीतून येणारा चेंडू इतके सारे पाहायचे असते. चेंडूमागून पोर येते, हे रागावलेल्या माणसाला सुचत नाही.

येथे थोडा हिशेब मांडतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. मन दुसरीकडे असल्यामुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर पुढे जाते. पोर आणि बंपर यांच्यामध्ये पुष्कळदा आठ मीटर नसतात.

आणि घाईने मिळते काय? साताऱ्याहून पुणे सुमारे 110 किलोमीटर. वाटेत कोठे अडथळा आला नाही असे धरले, तरी 80 ऐवजी 90 च्या वेगाने जाऊन वाचतात नऊ मिनिटे. ती पुण्यात पोहोचल्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात जातात! उलट 60 चा वेग 80 केला की, ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर पावणेदोन पट होते. नऊ मिनिटांसाठी केवढा हा जुगार!

काळजी

रागाला आवाज असतो. काळजी मुकी असते, म्हणून ती मला अधिक भयंकर वाटते.

प्राथमिक शाळेतल्या एक बाई शिकत होत्या. हात हलका, नजर चांगली. एके दिवशी त्यांनी लाल सिग्नल सरळ ओलांडला. गाडी थांबवायला लावून मी विचारले, "बाई, सिग्नल दिसला नाही?" त्या चकित होऊन म्हणाल्या, "कोणता सिग्नल?" त्या खोटे बोलत नव्हत्या. डोळे सिग्नलवर होते. मन पुण्याच्या इस्पितळात होते, जेथे त्यांच्या आईचे दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हायचे होते. डोळा पाहतो, पण पाहिलेले मनाने उचलून घ्यावे लागते. मन जागेवर नसेल तर निरोप दारातच पडून राहतो.

मोबाइलने गाडीत हेच केले आहे. 1997 साली टोरांटो येथील संशोधकांनी दाखवून दिले की, चालत्या गाडीत टेलिफोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका चौपट होतो. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांना त्यात काही सवलत मिळालेली दिसली नाही. म्हणजे अडचण हाताची नसून ध्यानाची आहे. कानात बोंडूक घालून "मी कायदा पाळतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. काळजी हाही डोक्यात सतत वाजणारा एक फोनच आहे. फरक एवढाच की तो बंद करायचे बटण सापडत नाही.

मग काळजी असलेल्याने गाडी चालवूच नये काय? तसे म्हटले तर साऱ्या महाराष्ट्रातल्या गाड्या दारात उभ्या राहतील. माझे सांगणे एवढेच की, काळजी आहे हे आधी कबूल करावे. त्या बाईंना मी दुसऱ्या दिवसापासून एक युक्ती दिली. रस्त्यावर दिसेल ते मोठ्याने बोलायचे: "पुढे रिक्षा, डावीकडे सायकल, सिग्नल हिरवा, म्हातारे बाबा रस्ता ओलांडताहेत." बोलायला लागले की मनाला रस्त्यावर यावेच लागते. त्या हसल्या, पण करू लागल्या. मात्र आईच्या ऑपरेशनला त्या एस.टी.ने गेल्या, आणि ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटले.

झोप

आपल्याकडे न झोपण्याचे कौतुक फार. "रात्रभर गाडी मारली आणि सकाळी दहाला हापिसात हजर!" असे सांगणाऱ्याची छाती फुगलेली असते. ऐकणारेही वाहवा करतात. दारू पिऊन गाडी मारली, असे मात्र कोणी छाती फुगवून सांगत नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असे आढळले की, सलग 17 तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या कायद्याने चालकाला घातलेली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर राबून, रात्री अकराला गाडीत बसणारा सोवळा गृहस्थ नेमका या 17 तासांच्या घरात असतो. पोलिसाच्या यंत्रात फुंकर मारली तर तो निर्दोष सुटेल. घाटातले वळण मात्र त्याला सोडील याची शाश्वती नाही.

पेंग येते म्हणजे डोळे मिटतातच असे नाही. उघड्या डोळ्यांनी मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो. ताशी 100 च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी 83 मीटर जाते. सात एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढे होईल तेवढे हे अंतर, आणि तेवढे अंतर गाडीत चालक नाही! पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत वाईट. त्याखालोखाल दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास.

चांगल्या रस्त्याने ही पेंग कमी होईल असे वाटते, होते उलटे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. जून 2025 मध्ये तो पुरा खुला झाला. खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत, समोरून कोणी येत नाही. मनाला काही कामच उरत नाही आणि ते हळूहळू गुंगीत जाते. आमच्या खंबाटकीच्या घाटात माणूस भीतीने तरी जागा असतो.

सर्वांत मोठा धोका मला वाटतो तो वऱ्हाडाच्या गाडीचा. लग्न लावून, पंगती उठवून, वरातीत नाचून वऱ्हाडी रात्री गाडीत बसतात आणि ढाराढूर झोपतात. चालक दोन रात्री जागलेला. त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवलेले आणि झोपायला मांडवातली सतरंजी दिलेली. "चला हो ड्रायव्हर, मुहूर्तावर सून घरात यायला हवी!" नवऱ्या मुलाची मिरवणूक काढणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या चालकाला "झोप झाली का?" म्हणून विचारले आहे काय?

एस.टी.च्या मुक्कामी गाडीचे चालक मला माहीत आहेत. खेड्यातल्या देवळापाशी गाडी लावून, डास मारत, बाकांमध्ये पथारी टाकून ते रात्र काढतात आणि पहाटे पहिली गाडी घेऊन निघतात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले होते. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असेही त्यात होते. कायदा जुना झाला, पण माणसाचे डोळे त्याहून जुने आहेत. भाड्याच्या ट्रकवर जाऊन पाहा, हे किती ठिकाणी पाळले जाते.

न झालेला अपघात

माझ्याकडे शिकलेला एक तरुण कोरेगाव तालुक्यातला. टेम्पो घेतला आणि आसपासचा भाजीपाला वाशीच्या बाजारात नेऊ लागला. एका उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच्या घरून फोन आला. त्याची बायको बोलत होती. "मास्तर, तुम्ही एवढं घरी या. तुमचं ऐकतील ते."

मी गेलो. अंगणात टेम्पो भरून उभा. टोमॅटोची ऐंशी कॅरेट. निम्मा माल त्याचा, निम्मा मेहुण्याचा. दुपारी थोरल्या भावाशी वाटणीवरून भांडण झालेले. बांधावरून सुरू झालेली गोष्ट आई-बापापर्यंत गेलेली. आदल्या रात्रीही तो वाशीलाच जाऊन आलेला, म्हणून झोप नाही. तो रागाने अंगणात येरझारा घालत होता आणि बायको उंबऱ्यात बसून होती. टेम्पोची किल्ली तिने पिठाच्या डब्यात लपवली होती.

"मास्तर, हिला सांगा. माल नासला तर कोण भरून देणार?"

"मी भरून देते," ती म्हणाली. "पण आज रात्री गाडी जायची नाही."

मी त्याला एकच विचारले: "घाटात समोरून तुझा भाऊ गाडी घेऊन आला, तर वाट देशील?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने ओट्यावर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. पहाटे पाचला उठून, वाशी सोडून, जवळचा म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेला. पोहोचेपर्यंत भाव उतरलेला. कॅरेटमागे पन्नास रुपये कमी आले. चार हजार गेले. टेम्पोच्या हप्त्याच्या महिन्यात चार हजार म्हणजे थोडे नव्हे.

पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "मास्तर, चार हजारांची झोप घेतली बघा मी. एखादे वेळेस काहीच झालं नसतं."

खरे आहे. काहीच झाले नसते, हेही शक्य आहे. जो अपघात झाला नाही त्याची बातमी छापून येत नाही, पंचनामा होत नाही, आणि तो टाळला म्हणून त्या बाईचा कोठे सत्कारही होत नाही. सावधगिरीचा तोटा वहीत लिहिता येतो. नफा कधीच दिसत नाही. म्हणून तर सावधगिरीला माणसे कंटाळतात. मी मात्र त्या पिठाच्या डब्यातल्या किल्लीला कोणत्याही लिंबू-मिरचीपेक्षा अधिक मानतो.

आजार

आता चौथा. 25 जानेवारी 2012 ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेटहून एका चालकाने एस.टी. बाहेर काढली आणि भर वस्तीतून वाटेल तशी पळवली. 9 माणसे प्राणाला मुकली. त्याचे मन ताळ्यावर नव्हते असा बचाव पुढे कोर्टात झाला, पण कोर्टाने तो मानला नाही. त्यानंतर बरेच दिवस लोक म्हणत, "असल्या डोके फिरलेल्यांच्या हाती गाडी देऊच नये."

या बोलण्याने मोठे नुकसान होते असे मला वाटते. असा प्रसंग कोट्यवधी फेऱ्यांत एखादा. रोज मरणारी साडेचारशे माणसे मरतात ती तुमच्या-माझ्यासारख्या शहाण्यांच्या रागाने, घाईने आणि पेंगेने. शिवाय असे बोलणे ऐकून ज्याला खरोखर बरे वाटत नाही तो तोंड मिटतो. झोप येत नाही, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही, छातीत उगाच धडधडते, हे तो सांगत नाही. कारण सांगितले तर गाडी काढून घेतील आणि चूल बंद पडेल ही भीती. आजार लपतो आणि गाडी चालू राहते. याहून वाईट व्यवस्था कोणती?

एका ट्रकमालकाने मात्र शहाणपण दाखवले. त्याचा जुना चालक महिनोन्महिने उदास राहू लागला. मालकाने त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावले की, सुरुवातीला या गोळ्यांनी गुंगी येईल, तेव्हा मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. मालकाने तेवढे दिवस त्याला गोदामात बसवले आणि पगार चालू ठेवला. दीड महिन्याने डॉक्टरांच्या परवानगीने तो पुन्हा ट्रकवर चढला. आजार झाला म्हणून माणूस निकामी होत नाही. उपचार न झाल्यामुळे मात्र होऊ शकतो.

गोळ्यांविषयी दोन शब्द. सर्दी-खाजेच्या कित्येक साध्या गोळ्यांनीही झापड येते, म्हणून गोळी घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना सांगावे. मनाच्या औषधाने सुस्ती येते म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. त्याने दुखणे उलटते. आणि जो मोठ्याने घोरतो, रात्री श्वास अडकून दचकून उठतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याच्या घोरण्यावर घरच्यांनी हसू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. तोही एक आजार आहे, आणि त्याने गाडीवर झोप लागते.

मनाच्या डॉक्टरकडे जायला ज्यांना अजून धीर होत नाही त्यांच्यासाठी सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही सेवा चालू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत. फोन अर्थातच गाडी उभी करून करावा!

किल्ली फिरवण्यापूर्वी

माझ्या शाळेत सीटबेल्ट लावण्याआधी तीन प्रश्न विचारायची चाल आहे. झोप झाली का? कोणाशी वाजले का? घाई कशाची? उत्तरे मला सांगायची नसतात. स्वतःला द्यायची असतात. एक उत्तर वाकडे असेल तर दहा मिनिटे थांबून, पाणी पिऊन, चार पावले चालून निघायचे आणि वेग कमी ठेवायचा. दोन वाकडी असतील तर दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची. तिन्ही वाकडी असतील तर त्या दिवशी एस.टी. किंवा आगगाडी.

वाटेत राग आला तर पुढच्या गाडीपासून मागे राहावे. तिने एखादा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असे म्हणावे; तेवढे म्हणून व्हायच्या आत आपण खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. या मोजणीने अंतरही राहते आणि मनही शांत होते. पेंग आली तर काच उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे हे सारे घटकेचे उपाय. खरा उपाय एकच: सुरक्षित जागी गाडी लावून चहा घ्यावा आणि वीस मिनिटे झोपावे. चहाची तरतरी चढेपर्यंत डुलकी पुरी होते.

मालकांनी उशिरा आलेल्या गाडीचे पैसे कापण्यापूर्वी उशिराचे कारण विचारावे. शेजारी बसणाऱ्याने चालकाशी हुज्जत घालू नये, जुनी उणीदुणी काढू नयेत, आणि मागच्या गाडीने ओव्हरटेक केले म्हणून "अहो, तो गेला की पुढे!" असे तर मुळीच म्हणू नये. त्या एका वाक्याने किती शहाण्या माणसांची मती फिरलेली मी पाहिली आहे!

घरच्यांसाठी शेवटचे. ही दिवाळी संपली की भाऊबीज आटोपून गाड्या परतीला लागतील. निघण्याच्या सकाळी जमिनीच्या, देण्याघेण्याच्या, मानापमानाच्या गोष्टी काढू नका. त्या दिवाळीनंतर पत्राने लिहिता येतात. निघालेल्याला दर अर्ध्या तासाने "कुठवर आलात?" म्हणून फोन करू नका. पोहोचल्यावर तोच करील. आणि चिवडा-लाडवांचा डबा हातात देताना त्याबरोबर एक वाक्य जास्त द्या: "सावकाश जा. उशीर झाला तरी चालेल."